फोटोभोवतीची पानं

हळद शिजायला लागली आणि गयाबाईंचा फोन अजून आला नाही.

हे मी कुणाला सांगितलं तर म्हणतील, अगं बाई, म्हाताऱ्या माणसाचा फोन, आला काय आणि न आला काय. म्हणू देत. माझं मात्र चार दिवस झाले कामात डोकं नाही. काल एका लग्नपत्रिकेत नवरीच्या बापाचं नाव नवरदेवाच्या जागी टाकून बसले आणि वर गिऱ्हाइकालाच म्हणाले, तुम्ही नीट लिहून का नाही दिलं? तो बिचारा चिठ्ठी पुढे करत राहिला. चिठ्ठीत सगळं नीटच होतं.

आमच्या हिंगोलीच्या मुलखात हा वास होळीच्या मागेपुढे सुरू होतो. लोकांना वाटतं हळदीचा वास म्हणजे डब्यातल्या पुडीचा वास. कसलं काय! नुकतीच खणून काढलेली ओली हळद उकळत्या पाण्यात पडली की आधी नुसता चिखलाचा वास येतो, मग उकडलेल्या रताळ्यासारखा गोडसर, आणि मग एक झणका उठतो तो नाकातून कपाळापर्यंत जातो. पूर्वी काहिलीत शिजवायचे, खाली हळदीचाच वाळलेला पाला जाळायचे. आता ट्रॅक्टरमागे कुकर येतो, वाफेवर काम झटपट होतं. पण वास तोच आहे, आणि तो आला की माझी बोटं आपोआप गार पडतात. एवढ्या उन्हाळ्यात.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आखाडा बाळापूरहून रोज एसटीनं हिंगोलीला यायची. दोन हजार सालच्या पुढची ती तीनचार वर्षं. नांदेडला सहा महिने कॉम्प्युटर शिकून आले होते आणि रऊफभाईंच्या छापखान्यात लागले होते. रऊफभाईंनी तीस वर्षं हातानं शिशाचे खिळे जुळवले होते. त्यांच्या बोटांच्या टोकांत शाई मुरलेली होती. कॉम्प्युटरला मात्र ते हात लावत नसत. माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "बेटा, ये तुम्हारा राज है." मला ते खरं वाटायचं. अख्ख्या गल्लीत फोटोमागचं पडदा-भिंत-खुर्ची सगळं पुसून माणूस तेवढा वेगळा काढता येणारी मीच होते. चढली होती मला, खोटं कशाला सांगू.

काम असायचं पत्रिकांचं, पावतीपुस्तकांचं, आणि श्रद्धांजलीचं. गाव म्हटलं की माणसं जातात आणि माणूस गेला की फोटो आमच्याकडे यायचा. त्यासाठी मी एक फाइल तयारच ठेवली होती. मधे लांबट गोल, गोलाखालून झेंडूचा पिवळा हार, खाली नाव, बाजूला समई. फोटो टाकायचा, नाव बदलायचं, पाच मिनिटांत काम. किती जणांना मी हार घातले असतील त्या वर्षांत, चेहऱ्याकडे धड न बघता. आज त्याची लाज वाटते.

त्यातल्याच एका फाल्गुनात पुसेगावहून दोघी जणी आल्या. एक चंद्रकला, बचत गटाची सचिव, माझ्याच वयाची, बोलायला लागली की थांबायची नाही. दुसऱ्या गयाबाई. साठीच्या आत-बाहेर, काळ्यासावळ्या, उंच, डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट. खुर्ची दिली तरी उभ्याच राहिल्या. गटाच्या बायका दरवर्षी हळद पिकवायच्या आणि ती आडतीवर जायची, तिथून पुढे कुठे गेली ते कळायचं नाही. त्या साली गयाबाईंनी ठरवलं होतं की आपली हळद आपण दळायची आणि आपल्या नावानं विकायची. पाडव्याला तालुक्याच्या ठिकाणी बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे पाकिटं मांडायची होती, आणि पाकिटावर लागतं चिन्ह.

"मावशीचा फोटो पाहिजे त्याच्यावर," चंद्रकला म्हणाली. "लोकं तिला वळखतात. तिचं तोंड पाह्यलं की भेसळ न्हाई म्हनून इस्वास बसतो."

"माह्या तोंडात काय ठिवलंय?" गयाबाई म्हणाल्या. "हळदकुंडाचं चित्र काढा."

"ते तर समदेच काढतात, मावशी."

मावशीचा एकच फोटो होता, रेशनकार्डासाठी काढलेला. आमच्याकडे तेव्हा फोटोसाठी कोणी हसत नसे. फोटो म्हणजे सरकारी काम, तोंड बंद आणि डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले. गयाबाईंनी तो ब्लाउजातल्या पाकिटातून काढून टेबलावर ठेवला आणि जाता जाता, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "म्या सोमवारी नांदेडला जाऊन राहिले. पोटात गाठ हाय, काढनार हायेत. वापस आले तर पाहीन तू काय करतीस ते."

वापस आले तर. हे शब्द मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले. माझं लक्ष फोटोकडे होतं. पदराची कड कशी कापायची याचा मी आधीच विचार करत होते.

या कामातलं एक साधं सत्य सांगते. रेघेनं काढलेलं चित्र, ज्याला आम्ही व्हेक्टर म्हणतो, ते तिकिटाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, रेघ कुठे फाटत नाही. फोटोचं तसं नाही. फोटो म्हणजे ठिपके. जरा मोठा केला की ठिपके सुटे होतात, जरा लहान केला की एकमेकांत मिसळतात, आणि माणूस हरवतो. त्यामुळे दोन्ही एकत्र बसवायचं म्हणजे सारखी ओढाताण. रेघ जास्त टोकदार झाली तर फोटो मळका दिसतो. फोटो जास्त उजळला तर रेघा उपऱ्या वाटतात. मी दोन दिवस गयाबाईंचं तोंड साफ केलं. गालावरचा शिक्क्याचा डाग काढला. केसांची एकेक बट सोडवली. कोरल या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये गोल काढला आणि गोलाभोवती हळदीच्या पानांची महिरप केली, हिरवीगार. वरची बाजू मोकळी सोडली, कारण तिथे कमानीसारखी अक्षरं यायची होती. पडद्यावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी रऊफभाईंना हाक मारून दाखवलं.

रऊफभाई पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "अच्छा है. पर दो कलर में बिठाव, बेटा. तीन कलर उनको भारी पडेगा."

दोन रंग म्हणजे पिवळा आणि काळपट तपकिरी. हळद म्हटल्यावर पिवळा सोडता येत नव्हता आणि तपकिरीशिवाय फोटो उठत नव्हता. हिरवा गेला. मी पानं पिवळी केली. लेबलाच्या मापात बसवताना सगळं लहान झालं, पानं एकमेकांना चिकटली, त्यांच्या शिरा बुजल्या. गटाचं नाव काय ठेवायचं यावर तिकडे बायकांचं अजून एकमत नव्हतं, म्हणून वरची अक्षरं बाकी होती. रऊफभाई म्हणाले, अक्षरं नंतर बघू, आधी फोटो उठतो का ते बघून पाठवू. तेवढाच एक नमुना काढला, दोन प्रतींत. आम्ही दोघं तो उजेडात धरून बघत होतो. "नाक बराबर आया," ते म्हणाले. मी म्हणाले, डोळेसुद्धा बघा किती स्वच्छ आले आहेत. कागदावर मधे गयाबाईंचा न हसणारा चेहरा, खालून दोन्ही बाजूंनी वर चढलेली पिवळी माळ, आणि खाली ठळक अक्षरांत त्यांचं नाव. हळद हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता.

आम्हाला दोघांनाही दिसलं नाही. रोज श्रद्धांजल्या छापणाऱ्या दोन माणसांना नाक दिसलं, डोळे दिसले, आणि हार दिसला नाही. कप्पाळ आमचं!

गुरुवारी सकाळच्या पुसेगावच्या गाडीत पाकीट, आत चिठ्ठी न घालताच, कंडक्टरच्या हातात दिलं. अकराच्या सुमाराला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे चंद्रकला होती, पण तिचा आवाज ओळखू येईना. मागे बायकांचा कालवा आणि जीपचा हॉर्न.

"ताई, तुमाला कवा कळलं?"

"काय कळलं?"

"मावशी गेली म्हनून."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली, एवढंच आठवतं. "अरे देवा," मी म्हणाले. "कधी? कोणी सांगितलं?"

"कोनी सांगितलं म्हंजी? तुमीच तर पाठवला न् फोटो, हार घालून! आमाला अजून दवाखान्यातून कायबी आलं न्हाई. आमी निघून राहिलो नांदेडला. समद्या जनी निघालो." आणि फोन कट.

 क्षणभर मला वाटलं होतं, गयाबाई गेल्या आणि ही मला कळवते आहे. तिला वाटत होतं, गयाबाई गेल्या आणि मी तिला कळवलं. बातमी कोणाकडेच नव्हती. फक्त माझा कागद होता. मी टेबलावरची दुसरी प्रत उचलली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे नुसतं माणूस बघतं तसं बघितलं. तोंडात मारल्यासारखं झालं.

रऊफभाईंनी कागद हातात घेतला. "या अल्ला," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

नांदेडच्या सरकारी दवाखान्याचा नंबर शोधून लावला. रिंग जात होती. जात राहिली. पुन्हा लावला. अकरा वेळा वाजून बंद पडला. तिसऱ्यांदा लावला. रिकाम्या खोलीत वाजणाऱ्या फोनचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. त्या दिवसापासून कोणाला फोन लावून वाट बघायची वेळ आली की मी फोन परत खाली ठेवते. लोक मला म्हणतात, तू स्वतःहून कधी फोन करत नाहीस, फार मोठी झालीस. मोठी कसली, भित्री आहे.

मी पिशवी उचलली आणि नांदेडच्या गाडीत बसले. बायकांची जीप याच रस्त्यानं हिंगोलीवरून जाणार, चौकात उभी राहून तिला अडवावी, हे सुचलंच नाही. मला फक्त गयाबाई डोळ्यांनी बघायच्या होत्या. ऑपरेशन कोणत्या दिवशी ते मला माहीत नव्हतं. सोमवारी गेल्या होत्या, आज गुरुवार. म्हणजे झालंही असेल. म्हणजे काहीही झालं असेल.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, बाळापूरला शिक्षक होते. बाबासाहेबांच्या वाटेवरची साधी, कडक माणसं आम्ही. घरात मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबलेलं मी पाहिलं नाही. शकुन-अपशकुन, दृष्ट, करणी, या सगळ्यावर दादांचं एकच उत्तर असायचं, "असलं काही नसतं, पोरी." त्या दिवशी कळमनुरीपर्यंत मी मनात तेच म्हणत होते, असलं काही नसतं. कागदावर हार काढल्यानं माणूस मरत नसतं. आणि प्रत्येक वेळी आतून दुसरं कोणीतरी विचारत होतं, पण मेलं तर? खिडकीतून हळदीच्या शेतांमधला धूर आत येत होता, काहिली पेटल्या होत्या, बायका फडक्यानं तोंड बांधून हळद उपसत होत्या. आमचा बाळापूरचा थांबा आला. दादा इथेच शाळेत होते, दोनशे पावलांवर. उतरून त्यांना सांगावंसं वाटलं. उतरले नाही. त्यांनी काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं आणि त्या दिवशी ते मला पुरणार नव्हतं.

वारंगा फाट्यावर गाडी चहाला थांबली. मी खाली उतरले. तेवढ्यात एक काळीपिवळी जीप धूळ उडवत आली आणि हॉटेलासमोर थांबली. ड्रायव्हर इंजिनात पाणी घालायला उतरला. मागे आठ बायका कोंबलेल्या. एक म्हातारी मोठमोठ्यानं रडत होती, एकेक आठवण काढून, सुरात. बाकीच्या पदरात तोंड खुपसून होत्या. चंद्रकलाच्या मांडीवर माझा कागद होता.

मला पळून जावंसं वाटलं. एसटी समोर उभी होती, चढले असते तर कोणाला कळलं नसतं. पण पाय जीपकडे गेले.

"चंद्रकला," मी म्हणाले, "तो हार नाही. हळदीची पानं आहेत. लेबल आहे ते, पाकिटावरचं. मी हिरवी काढली होती, दोन रंगांत पिवळी झाली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारीचं रडणं अर्ध्यावर थांबलं.

"मंग मावशी जिती हाय?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई?" ती किंचाळली. "तुमी पाठवलं अन् तुमालाच माहीत न्हाई?"

 मी रडायला लागले, भर फाट्यावर, ट्रकवाले बघत असताना. चंद्रकलानं मला दंडाला धरून जीपमधे ओढलं. शिव्या देईल वाटलं. तिनं फक्त सरकून जागा केली. पुढचा सगळा रस्ता रडताही येईना आणि न रडताही राहवेना, अशा नऊ बायका एकमेकींच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसलो होतो. म्हातारी अधूनमधून हुंदका द्यायची आणि पुन्हा गप्प व्हायची.

दवाखान्याचा जिना चढताना मी सगळ्यांत मागे होते. वॉर्डाच्या दारात पुढच्या बायका एकदम थबकल्या. मला काही दिसेना. फक्त आवाज आला.

"काहून आल्या गं समद्या? हळद कोन पाहून राहिलं तिकडं? काहिलीखालचा जाळ कोनाच्या भरोशावर टाकला?"

गयाबाई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. पुढे ताटलीत खिचडी. डॉक्टरांनी ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं होतं.

चंद्रकला त्यांच्या गळ्यातच पडली. बाकीच्या खाटेभोवती जमल्या, कोणी पाय धरले, कोणी कपाळाला हात लावून बघितलं. गयाबाई चिडल्या, मग घाबरल्या, मग त्यांनी तो कागद पाहिला. हात लांब करून, डोळे बारीक करून बघितला. 

"नाक बराबर आलंय," त्या म्हणाल्या. "ह्यो हार कोन घातला?"

"मी, मावशी. पण हार नाही तो. हळदीची पानं आहेत."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हळदीचं पान पाह्यलंस का कवा?"

"रोज बघते. गाडीच्या खिडकीतून."

"खिडकीतून पाह्यलं म्हनूनच असं आलं. हे आंब्याचं डहाळं हाय. हळदीचं पान हातभर असतंय, पोरी."

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्या हसल्या. गयाबाई हसल्या नाहीत. त्यांनी म्हातारीकडे मान वळवली. "तू रडत व्हतीस म्हनं. काय काय म्हनलीस माह्यावर?" म्हातारी लाजली, नको नको म्हणायला लागली. "म्हन की. मेल्यावर मला कुठं ऐकू येनार हाय?" आणि त्या म्हातारीनं, दवाखान्यात, हळू आवाजात ते सगळं पुन्हा म्हटलं. बाळंतपणात धावून येणारी माझी गया. दुष्काळाच्या साली स्वतःची घागर देणारी माझी गया. गयाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या गालावरून पाणी आलं, त्यांनी पुसलं नाही.

बायका निघाल्या तेव्हा त्यांनी मला हात धरून थांबवलं. "त्यायच्या म्होरं म्हनता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर मला लई भ्या वाटून राहिलं." त्यांचा हात खरखरीत होता, नखांत पिवळं बसलेलं.  मीच त्यांना मारून आले होते, मी काय धीर देणार? त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या मुठीत दिली. "हे फाडू नको. फाडलं तर तुह्याच मनात राहीन. वापस आले तर खरं पान दावते तुला. न्हाई आले तर हेच छाप. फोटो चांगला हाय."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात मी एकही ओळ जुळवू शकले नाही. दुपारी फोन वाजला. मी समोर बसून त्याच्याकडे बघत राहिले. हात पुढे जाईना. चौथ्या रिंगला रऊफभाई मशीन सोडून आले, त्यांनी उचलला, ऐकलं, आणि मला म्हणाले, "होश में आ गई. चाय मांग रही." मग आत जाऊन त्यांनी तोंड धुतलं. बराच वेळ धूत होते.

त्या पाडव्याला पाकिटं नुसत्या अक्षरांवर गेली. चेहरा नाही, पान नाही.

भाद्रपदात गयाबाई आल्या, काठी टेकत, निम्म्या झालेल्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पान त्यांनी माझ्या टेबलावर उलगडलं. ते खरोखर हातभर होतं. मी त्याच्या शिरांवरून बोट फिरवलं आणि इतकी वर्षं आपण हे पाहिलंच नव्हतं हे मला कळलं. स्कॅनरच्या काचेवर ते मावेना. दोन तुकड्यांत घेतलं आणि जोडलं.

"पान खरं लाव," गयाबाई म्हणाल्या, "अन् माहं तोंड रेघानं काढ. फोटोला हार घालतात. चित्राला कोन घालतंय?" देवांच्या चित्रांना घालतात, हे मी बोलले नाही. त्या समोर खुर्चीवर बसल्या, या वेळी बसल्या, आणि मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. कपाळ, नाकाचा बाक, कानामागे दाबलेला पदर. सोळा-सतरा रेघांत त्या आल्या. मागे एकच लांब पान, फोटोतलं, शिरांसकट. आजही पुसेगावच्या त्या पाकिटावर तेच आहे.

तेव्हापासून दरवर्षी नवीन लेबलं छापायची वेळ आली की त्यांचा फोन यायचा. आधी गावातल्या बूथवरून, मग सुनेच्या मोबाइलवरून, मग स्वतःच्या बटणांच्या छोट्या फोनवरून. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तीनच शब्द.

"हाय म्या. छाप."

मी हसायचे, बरं मावशी म्हणायचे, आणि मशीन सुरू करायचे. रऊफभाई गेले, त्यांच्या फोटोला मीच हार लावला, या वेळी चेहऱ्याकडे बघून. दादा गेले. छापखाना गेला, मी माझं दुकान टाकलं. कॉम्प्युटर चार बदलले. प्रत्येक वेळी ती जुनी फाइलसुद्धा नव्या मशीनवर घेतली, पिवळ्या माळेची. पुसायची हिंमत झाली नाही. असलं काही नसतं, मला ठाऊक आहे. तरी नाही पुसली.

आणि यंदा होळी होऊन पंधरा दिवस झाले. चंद्रकलानं लेबलांचा आकडा कळवला. मावशीबद्दल ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. चार दिवस मी लेबलांची फाइल उघडते आणि बंद करते. तीन शब्दांशिवाय छापायचं कसं?

आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं, खुर्चीत बसले, आणि त्यांचा नंबर काढला. इतक्या वर्षांत मी तो एकदाही लावला नव्हता. रिंग जायला लागली. तोच आवाज. मी मोजत होते. पाच. सहा. बोटं गार पडली. सात. मोठ्यानं म्हणाले, उचला ना मावशी. आठ.

"कोन?"

 "मी वैशाली. हिंगोलीहून."

 मग तो आवाज, बारीक झालेला, पण तोच. "दरसाली मीच सांगून राहिले, हाय म्या, हाय म्या. यंदा म्हनलं, पाहू तरी, कोनी इचारतं का. इतके साल झाले, तुला एकदाबी वाटलं न्हाई का गं?"

"वाटायचं, मावशी. भीती वाटायची."

"कशाची?"

"लावला आणि कोणी उचललाच नाही तर."

त्यांच्या मागे काहीतरी शिजत असल्याचा, बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"उचलला की," गयाबाई म्हणाल्या. "छाप आता."